कुसी वारा, शुक्ल अष्टमी आणि पाजेचा किनारा

दोन वर्षांपूर्वी मी श्रीलंकेतल्या कल्पितियाला नऊ दिवसांसाठी काइटसर्फिंग (काइट म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ) करायला गेले होते आणि त्या नऊ दिवसांपैकी जेमतेम दोन दिवस काइट हवेत टिकला होता. दोष कल्पितियाचा नव्हता. तिथला मुख्य हंगाम मे ते सप्टेंबरचा आणि दुसरा, जरा सौम्य हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा असतो. मी मात्र एप्रिलमध्ये, म्हणजे एक मोसमी वारा विरलेला आणि दुसरा अजून सुरू व्हायचा अशा नेमक्या त्या फटीत जाऊन बसले होते, कारण रजा एप्रिलमध्ये मिळाली होती आणि विमानाचे तिकीट स्वस्त होते. ते स्वस्त का आहे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

या वेळी क्रम उलटा ठेवला आहे. आधी वारा, मग चंद्र आणि सर्वांत शेवटी रजेचा अर्ज. ठिकाण आहे टांझानियातल्या झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे पाजे आणि महिना जुलैअखेर ते ऑगस्ट. हा निर्णय कसा झाला, ते सविस्तर लिहिते आहे, कारण उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही किनाऱ्यावर काइट घेऊन जाणाऱ्याला ह्याच वाटेने विचार करावा लागतो आणि समुद्राचे छायाचित्र पाहून ठिकाण निवडणाऱ्याला तो परतल्यावर करावा लागतो.

माझी काइटिंगमधली पायरी आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मी दोन्ही दिशांना फळीवर उभी राहून जाऊ शकते, पण वाऱ्यावर चढणे, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला तिरके सरकत सरकत निघालेल्या जागीच परत येणे, मला दहापैकी पाच-सहा वेळाच जमते. उरलेल्या वेळी मी वाऱ्याच्या ओघात दूर जाते आणि फळी काखेत धरून, काइट डोक्यावर सांभाळत, किनाऱ्याने चालत परत येते. अशा माणसाला सपाट, उथळ पाणी, एकसारखा मध्यम वारा आणि वाहून गेल्यावर चालत येण्याजोगी लांब वाळू लागते. लाटा, जोरदार झोत आणि छायाचित्रांतल्या उंच उड्या यांचा माझ्याशी सध्या काही संबंध नाही.

या कसोटीवर बरीच प्रसिद्ध नावे लगेच गळाली. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील कुंबुको आणि जेरिकोआकोआरा येथे साधारण जुलैपासून जानेवारीपर्यंत व्यापारी वारे इतक्या नेमाने वाहतात, की तिथे वारा येईल का असे सहसा कोणी विचारत नाही, परंतु भर हंगामात तो २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या) पुढे सहज जातो आणि तिथला आनंद वाऱ्याच्या दिशेने किनाऱ्याकडेने मैलोगणती जाण्याचा असतो. फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाचा बुलाबोग किनारा ईशान्य मोसमी वाऱ्यावर, तिथे ज्याला अमिहान म्हणतात त्यावर, नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास चालतो. ते महिने माझ्या हातात नाहीत. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काबारेतेला उन्हाळ्यात व्यापारी वाऱ्याच्या जोडीला दुपारचे खारे वारे मिळतात, पण १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकच्या चक्रीवादळांचाही काळ आहे. मॉरिशसचे ल मोर्न प्रवाळभिंतीबाहेरच्या ‘वन आय’ नावाच्या लाटेसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या लाटेच्या जवळपासही वाहत जाण्याची माझी इच्छा नाही. कल्पितिया ऑगस्टमध्ये उत्तम असते हे मी मान्य करते, फक्त वारा माझ्या मापापेक्षा थोडा जास्त आणि मनातली अढी अजून ताजी आहे.

उरले पाजे. तिथे वर्षातून दोनदा वारा येतो आणि दोन्ही वेळा उलट बाजूंनी येतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तर-ईशान्येकडून येणाऱ्याला स्वाहिली भाषेत कास्काझी म्हणतात आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण-आग्नेयेकडून येणाऱ्याला कुसी. मध्ये मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास लहान. किनाऱ्याचे तोंड पूर्वेला असल्यामुळे दोन्ही वारे समुद्राकडून तिरके किनाऱ्यावर येतात आणि शिकाऊ माणसासाठी हीच दिशा सर्वांत सुरक्षित असते. सरळ किनाऱ्यावर आदळणारा वारा निघताना पुन्हा पुन्हा वाळूवर ढकलतो, तर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा काही चुकले की माणसाला आत नेतो, आणि सोबत बचावाची नाव नसेल तर त्या वाऱ्यात उतरूच नये.

कुसी मला आवडण्याचे कारण काइटिंगच्या पलीकडचे आहे. जुलैत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि मॅस्करीन (मॉरिशस आणि आसपासच्या) बेटांच्या दक्षिणेला हवेच्या उच्च दाबाचे एक विस्तीर्ण केंद्र ठाण मांडून बसलेले असते. तिथून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे डावीकडे वळून आग्नेयेकडून वाहू लागते, आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या उंच प्रदेशाने अडवली जाऊन किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला सरकते, विषुववृत्त ओलांडते, मग उजवीकडे वळते आणि अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारा म्हणून आपल्याकडे पोचते. सोमालियाच्या किनाऱ्यालगत हा प्रवाह जमिनीपासून फार उंच नसतानाही विलक्षण वेगाने वाहतो. १९६९ साली जे. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञांनी त्याचे जे वर्णन केले, त्यावरून त्याला त्यांचेच नाव मिळाले. म्हणजे पाजेच्या किनाऱ्यावर माझा काइट जी हवा पकडणार आहे, तीच पुढे समुद्र ओलांडून आपला पावसाळा होणार आहे. शिडाची जहाजे कास्काझीवर आफ्रिकेला जात आणि कुसीवर परत येत. ‘मोसम’ हा शब्दही अरबीतून त्याच ये-जा करणाऱ्या व्यवहारातून आला आहे.

ही माहिती निव्वळ हौसेची नाही. वारा कशामुळे जन्मतो हे कळले, की तो दिवसातून केव्हा येईल आणि किती भरवशाचा असेल, हेही बरेचसे कळते. केवळ जमीन तापल्यामुळे निर्माण होणारे खारे वारे दुपारी येतात, ढग आले की रुसतात आणि संध्याकाळी विझतात. खंडांच्या आणि महासागरांच्या पातळीवर चालणारा कुसी एखाद्या ढगाळ दिवशी बंद पडत नाही. किनारा तापल्याने दुपारी त्याला थोडी धार येते इतकेच. शाळेच्या भूगोलात खारे वारे, मतलई वारे, व्यापारी वारे हे शब्द आपण पाठ केले होते, त्यांचा खराखुरा उपयोग मला पहिल्यांदा इथे झाला.

अंदाज सांगणारी संकेतस्थळे मी पाहते, विंडी आणि विंडगुरू ही दोन रोज, परंतु सहलीचे महिने ठरवताना अंदाज निरुपयोगी असतो. सात-आठ दिवसांपलीकडच्या बाणांना मी फारशी किंमत देत नाही. त्या वेळी लागते ती मागच्या वर्षांची नोंद, आणि तिच्यातही सरासरी पाहू नये. एका दिवशी ८ नॉट आणि दुसऱ्या दिवशी २४ नॉट वारा असेल तर सरासरी १६ येते आणि कागदावर ती फार देखणी दिसते, पण पहिल्या दिवशी काइट पाण्यात पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी मी घाबरून वाळूवर बसून राहते. म्हणून मी दर वर्षाच्या त्या पंधरवड्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत किमान तीन तास १४ ते २२ नॉट वारा किती दिवस होता, ते मोजत बसले. कंटाळवाणे काम आहे, पण एप्रिलमधल्या कल्पितियाइतके नाही.

यातून काइटची मापेही ठरली. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वारा १४ वरून २० नॉट झाला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. किनाऱ्यावर वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा, की आपल्या वजनाच्या किलोंना २.२ ने गुणावे आणि वाऱ्याच्या नॉटांनी भागावे. आलेला आकडा म्हणजे काइटचे चौरस मीटर. माझे वजन ६४ किलो आहे. १४ नॉटला १० मीटर आणि २० नॉटला ७ मीटर असे उत्तर येते, म्हणून १० आणि ७ हे दोन काइट नेणार आहे. मधल्या वाऱ्यात कुठला काढायचा असा प्रश्न पडला तर लहान काढायचा, हा माझा नियम आहे; कमी ओढ मिळाली तर दुपार वाया जाते, जास्त मिळाली तर हाड मोडते.

आता चंद्र. पाजेच्या समोर प्रवाळभिंत आहे आणि तिच्या आतल्या बाजूला वाळूच्या तळाचे रुंद, उथळ लगून. भिंतीवर लाटा फुटतात आणि आत पाणी शांत राहते, पण ते किती राहते हे भरती-ओहोटीवर ठरते. झांझिबारला उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराच्या, दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला पाणी इतके मागे जाते, की काइट घेऊन शेकडो मीटर चालावे लागते, आणि पूर्ण भरतीला ते किनाऱ्यावरच्या भिंतींना जाऊन भिडते व काइट उडवायला पुरेशी वाळूच उरत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक निम्म्याहूनही कमी होतो आणि दिवसभर वापरता येईल इतके पाणी राहते.

शिवाय एका ठिकाणी उधाणाची पूर्ण भरती जवळजवळ नेहमी घड्याळाच्या एकाच सुमारास येते. पाजेला ती पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास येते, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आगेमागे असते. वारा अकरानंतर नीट लागतो, पाणी त्याच वेळी परत येऊ लागते, आणि बारा ते तीन हा वेळ मला हवा तसा मिळतो: कमरेएवढे पाणी, दर तासाला वाढणारे. चारला किनारा नाहीसा होण्याआधी बाहेर पडायचे. अष्टमीच्या सुमारास हेच उलटते, भरती सकाळी दहाच्या आणि ओहोटी दुपारी चारच्या सुमारास, पण दोन्ही सौम्य. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि उधाण तिथीच्या एक-दोन दिवस मागून येते, हेही हिशेबात धरावे लागते. म्हणून मी शुक्ल सप्तमीला पोचून कृष्ण तृतीयेला निघणार आहे. पहिले चार दिवस भांगाचे, हात बसवण्यासाठी. पुढचे उधाणाचे, तोवर माझे वाऱ्यावर चढणे सुधारलेले असेल या आशेवर. कार्यालयात रजेच्या अर्जावर तारखा लिहिल्या आहेत, तिथीचा उल्लेख टाळला.

लगूनच्या उथळ पाण्यात स्थानिक स्त्रिया समुद्री शेवाळाची शेती करतात. खुंट्या रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यावर शेवाळ वाढते. भरतीला हे वाफे पाण्याखाली जातात. फळीचे पंख त्या दोऱ्यांत अडकले तर आपण पडतो हा भाग गौण आहे, कोणाची तरी मेहनत तुटते हा मुख्य. पहिल्याच दिवशी ओहोटीच्या वेळी पायी फिरून वाफे कुठे आहेत, काटेरी सी-अर्चिन कुठल्या खडकांवर आहेत आणि प्रवाळभिंतीत कुठे खिंडी आहेत, हे पाहून ठेवायचे ठरवले आहे. खिंडी महत्त्वाच्या, कारण ओहोटी लागली की लगूनचे पाणी तिथूनच बाहेर धावते आणि त्याच वेळी वारा पडला तर माणूस त्या पाण्याबरोबर जातो. पायांत रबरी तळव्यांचे पाण्यात वापरायचे बूट असणारच आहेत.

सामान न्यावे की तिथे भाड्याने घ्यावे, यावर मी आठवडाभर घोळ घातला. दोन काइट, बार (काइट हाताळायचा दांडा), हार्नेस (अंगावर बांधायचा पट्टा), पंप आणि १३६ सेंटिमीटरची फळी मिळून वीस किलोच्या आत बसते, पण विमान कंपन्या वजनाइतकीच लांबीही पाहतात, आणि खेळाच्या सामानाचे नियम प्रत्येकीचे वेगळे असतात. मुख्य भूमीवरून बेटावर जाणाऱ्या छोट्या विमानांत तर १५ किलोचीच मर्यादा सर्रास असते. दार-एस-सलामहून बोटीने सुमारे दोन तासांत जाता येते. शेवटी काइट, बार आणि हार्नेस न्यायचे आणि फळी तिथे भाड्याने घ्यायची असे ठरवले. फळी कुठलीही चालते. बार मात्र आपलाच हवा, कारण संकटात हात ज्या ठिकाणी न पाहता जायला हवा, ती क्विक रिलीजची, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडणारी, पकड प्रत्येक बनावटीत थोडी वेगळी असते. मागच्या आठवड्यात मी ती पकड गोड्या पाण्याने धुऊन, ओढून, पुन्हा जोडून वीस वेळा सराव केला. आत वाळू होती, कल्पितियाची.

फुगवायच्या काइटची मूळ कल्पना ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांची. १९८४ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. पाण्यात पडलेला काइट पाण्यातूनच पुन्हा उडवता यावा म्हणून त्यांनी कडेला हवेच्या नळ्या घातल्या. उष्ण प्रदेशात याच नळ्यांची काळजी घ्यावी लागते. वाळूवर उन्हात फुगवून ठेवलेल्या काइटची आतली हवा तापते, झडपांचा गोंद सुटतो, आणि कापड तर उन्हाने झिजतेच. म्हणून ठिगळे, झडपेचा गोंद आणि एक जादा दोरी हे घेतले आहे. ते ठेवायला प्लास्टिकची पिशवी मात्र नको: टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि प्रवाशांनाही त्या आणता येत नाहीत.

झांझिबारमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी विमा महामंडळाचा प्रवास विमा घ्यावा लागतो. त्याखेरीज मी वेगळा विमा घेतला, आणि त्याच्या अटींमध्ये काइटसर्फिंग हा शब्द लिहिलेला आहे ना, हे डोळ्यांनी वाचले. ‘जलक्रीडा’ एवढाच शब्द असेल तर तो पुरेसा समजू नये.

सोबत ताई येणार आहे. तिला काइटिंगमध्ये रस नाही, तिला जोझानीच्या जंगलातली लाल कोलोबस माकडे आणि झांझिबार शहराच्या जुन्या भागातले, स्टोन टाउनचे, कोरीव दरवाजे पाहायचे आहेत. ते दोन दिवस मी कार्यक्रमात आधीच अडकवले नाहीत, ज्या दिवशी वारा कमी असेल त्या दिवशी जायचे असे तिला सांगितले, तेव्हा “म्हणजे वारा रोज असला तर मी काय करायचं?” असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे. उधाणाच्या दिवसांत सकाळचे काही तास लगून कोरडे असणार आहे, तेव्हा माझा उपयोग कोणालाच नाही; तो वेळ तिचा. गाडी ठरवताना एक सावधगिरी लागेल: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे तिथे ‘एक’. आपल्या जुन्या घटिकाही सूर्योदयापासूनच मोजत, त्यामुळे ताईला हे माझ्याआधी समजले. तिला मी आणखी एवढेच शिकवले आहे, की मी पाण्यातून डोक्यावर हात थोपटला तर काइट उतरवायला किनाऱ्यावरच्या शिक्षकांपैकी कोणालातरी हाक मारायची. स्वतः काइट धरायला जायचे नाही.

पहिल्या दोन दिवसांत मी शिक्षकासह चार तास घेणार आहे, कारण वर्षभराच्या खंडानंतर पहिली चूक एकटीने करू नये. पाण्यात मार्ग कोणी कोणाला द्यायचा याचे नियम मी परत वाचले: समोरासमोर येताना ज्याचा उजवा हात पुढे असतो त्याचा हक्क पहिला, आणि एकमेकांना ओलांडताना वाऱ्याच्या बाजूला असलेल्याने काइट वर धरायचा, दुसऱ्याने खाली. कुसीच्या दिवसांत अधूनमधून पावसाची सर येते; तिच्या आधी वारा एकदम वाढतो किंवा एकदम पडतो. समुद्रावर काळा पट्टा दिसला, की वाऱ्याचा वेग कितीही छान असो, काइट खाली उतरवायचा. पाणी पंचवीस-सव्वीस अंश असले तरी दोन तास ओल्या अंगावर वारा घेतल्यावर दात वाजतात, त्यामुळे पातळ, पूर्ण बाह्यांचा अंगरखा घेतला आहे, तो उन्हासाठीही कामाचा. बेट विषुववृत्तापासून फक्त सहा अंश दक्षिणेला असल्याने सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि लगेच अंधारते. उशिरापर्यंत रेंगाळणारी संध्याकाळ तिथे नसते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. परतीचे विमान कृष्ण तृतीयेच्या दुपारी आहे. त्या दिवशी पूर्ण ओहोटी दुपारी साडेबाराच्या सुमारास येते, म्हणजे सकाळभर पाणी उतरत असेल आणि मला उतरत्या पाण्यात जायचे नाही. आदल्या दिवशी, द्वितीयेला, भरती संध्याकाळी साडेपाचच्या पुढे आहे. तेव्हा उशिरापर्यंत खेळले तर काइट वाळवायला ना ऊन उरेल ना वाळू, आणि ओला काइट गुंडाळून पिशवीत भरला तर घरी उघडेपर्यंत त्याला बुरशीचा वास लागतो. ताईचे म्हणणे, की खोलीच्या ओसरीत दोरी बांधून टांगावा. दहा मीटरच्या काइटला किती मोठी ओसरी लागते हे मी तिला अजून सांगितलेले नाही. बहुधा द्वितीयेला तीन वाजताच बाहेर पडावे लागेल.